मृदा-आरोग्य, कालवाक्षेत्रातील

पिकांच्या मुळांना पाणी, हवा व पोषकद्रव्ये योग्य प्रमाणात पुरविण्याची, पडलेले पाणी मुरवून जादा पाण्याचा निचरा होऊ देण्याची आणि सूक्ष्मजीवांपासून गांडुळांपर्यंतच्या जीवसृष्टीला आश्रय देण्याची जमिनीची क्षमता वर्षानुवर्षे टिकून राहणे, यास मृदा-आरोग्य म्हणतात. सुपीकता ही संज्ञा मुख्यत्वे पोषकद्रव्यांच्या साठ्याविषयी वापरली जाते; मृदा-आरोग्याची कल्पना तीहून व्यापक आहे. पोषकद्रव्यांनी समृद्ध असलेली जमीनही निचऱ्याअभावी निरुपयोगी होऊ शकते. याचे ठळक उदाहरण म्हणजे महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशातील कालव्यांखालील खोल काळ्या जमिनी होत. नीरा, प्रवरा, गोदावरी व कृष्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील या जमिनींवर राज्यातील ऊस-शेतीचा मोठा भार आहे व याच जमिनींपैकी पुष्कळ क्षेत्र गेल्या शंभराहून अधिक वर्षांत क्षारपड, चोपण वा चिबड झाले आहे. (समुद्राच्या भरतीमुळे खारावणाऱ्या कोकण-गोव्यातील खाजण जमिनींचा प्रश्न निराळा असून त्याचा विचार येथे केलेला नाही.)

जमिनीचे स्वरूप : दख्खनच्या काळ्या जमिनी बेसाल्ट (असिताश्म) खडकाच्या अपक्षयापासून बनलेल्या आहेत. त्यांत चिकणमातीचे प्रमाण सर्वसाधारणपणे ४० ते ६० टक्के व काही ठिकाणी त्याहूनही अधिक असते. ही चिकणमाती मुख्यतः माँटमोरिलोनाइट गटातील खनिजांची असल्याने भिजल्यावर फुगते व वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात या जमिनींना हात-दीड हात खोल भेगा पडतात; त्या भेगांतून वरची भुसभुशीत माती खाली जाते आणि जमीन आपोआप उलटीपालटी होते. धनायन-विनिमय क्षमता १०० ग्रॅम मातीमागे ४० ते ६० सममिलिग्रॅम इतकी मोठी असल्यामुळे पोषकद्रव्ये धरून ठेवण्यात ही जमीन सरस ठरते. चुनखडीचे प्रमाण बरेच व पीएच मूल्य बहुधा ७·५ ते ८·५ च्या दरम्यान असते. जैव कार्बन मात्र कमी, पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आढळतो. उष्ण हवामानात जैव पदार्थ लवकर कुजून जातो, हे त्याचे एक कारण आहे. शेतातील काडीकचरा शेतात परत न जाणे हे दुसरे.

पाणी धरून ठेवण्याचा जो गुण कोरडवाहू शेतीत वरदान ठरतो, तोच भरपूर पाणी मिळताच उणीव ठरतो. रब्बी ज्वारी केवळ साठलेल्या ओलीवर येऊ शकते ती या गुणामुळे. परंतु फुगलेल्या चिकणमातीतून पाणी अत्यंत मंद गतीने झिरपते. दिलेले पाणी व झिरपून जाणारे पाणी यांचा मेळ बसत नाही आणि जमीन वाफशावर येण्यास अनेक दिवस लागतात. वाफसा ही मराठी शेतकऱ्याची संज्ञा मृदाविज्ञानाच्या दृष्टीने अतिशय अर्थपूर्ण आहे : मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी व हवा ही दोन्ही जवळजवळ सारख्या प्रमाणात असण्याची ही स्थिती होय. पीक पाण्यावर नव्हे तर वाफशावर वाढते, ही समजूत कालव्यापूर्वीच्या शेतीत रुजलेली होती. पाळीपाळीने येणाऱ्या कालव्याच्या पाण्याने ती मागे पडली. पुढची पाळी केव्हा येईल याची खात्री नसलेला शेतकरी मिळेल तेवढे पाणी शेतात भरून घेतो. यात त्याच्या अज्ञानापेक्षा पाणीवाटपाच्या पद्धतीचा दोष अधिक आहे.

बिघाडाचा इतिहास : १८७६–७८ च्या दुष्काळानंतर दुष्काळ-निवारणाचा उपाय म्हणून भाटघर धरणाच्या पाण्यावर नीरा डावा कालवा काढण्यात आला व १८८० नंतरच्या दशकात बारामती-इंदापूर भागात त्याचे पाणी खेळू लागले. या भागात वार्षिक पाऊस सु. ५०० मिमी. एवढाच पडतो. कालवा ज्वारी-बाजरीच्या रक्षणासाठी होता. प्रत्यक्षात तो उसाकडे वळला. भूजल पातळी हळूहळू वर येऊ लागली आणि सखल भागातील जमिनींवर पांढरा थर दिसू लागला. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड एच्. मान व व्ही. ए. तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींसंबंधी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेली पुस्तिका हा या विषयावरील आरंभीचा महत्त्वाचा अभ्यास होय. म्हणजे पाणी आल्यापासून पाव शतकाच्या आतच हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या नजरेत भरण्याइतका मोठा झाला होता.

त्यापूर्वी, विसाव्या शतकाच्या आरंभी, मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी कालव्याचे पाणी विखुरलेल्या शेतांना न देता निवडक योग्य जमिनींच्या गटांना ठराविक वर्षांसाठी द्यावे व गटातील एकतृतीयांशाच्या आसपास क्षेत्रातच ऊस घ्यावा, अशी गट-पद्धत (ब्लॉक पद्धत) सुचविली. या योजनेत पाण्याचा हिशेब व पिकांची फेरपालट ही दोन्ही एकत्र बांधलेली होती. पुढे एकतृतीयांशाची मर्यादा ढिली होत गेली, हे त्या पद्धतीचे दुर्दैव. १९१६ पासून क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांखालील जमिनींच्या निचऱ्याचे काम हाती घेतले व पाणथळ क्षेत्रांसाठी उघडे तसेच भूमिगत चर खोदण्याची तत्त्वे अनुभवाने निश्चित केली. १९३२ मध्ये पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे जे. के. बसू व एस. एस. सिरूर यांनी नीरा उजवा व प्रवरा या कालव्यांखालील जमिनींचे उभ्या छेदावर आधारलेले वर्गीकरण केले व ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणती जमीन किती पाणी सोसेल हे पृष्ठभागाच्या रंगावरून नव्हे, तर खालच्या थरांवरून ठरते, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले. मुरमाचा थर दीड हातावर असलेली मध्यम खोलीची काळी जमीन बारमाही पाण्याखाली टिकते. तिच्याहून काळी व कसदार दिसणारी, दोन-तीन मीटर खोल चिकणमातीची जमीन मात्र प्रथम बिघडते.

१९५० नंतर सहकारी साखर कारखान्यांच्या प्रसाराबरोबर ऊस नव्या क्षेत्रांत गेला. कृष्णा व वारणा यांच्या काठी उपसा जलसिंचन योजना झाल्या आणि मिरज, वाळवा, शिरोळ या तालुक्यांतील नदीकाठच्या जमिनींतही तोच क्रम पुन्हा घडला. नीरेचा अनुभव लेखी स्वरूपात उपलब्ध असूनही निचऱ्याची तरतूद सिंचनाबरोबर झाली नाही, ही या इतिहासातील सर्वांत खेदजनक बाब आहे.

क्षार साठण्याची क्रिया : कालव्याचे पाणी गोड असले, तरी क्षारविरहित नसते. विद्युत् संवाहकता दर मीटरला ०·५ डेसिसीमेन्स असलेले पाणी सिंचनास चांगले समजतात. त्याच्या एका लिटरमध्ये सु. ३२० मिग्रॅ. क्षार विरघळलेले असतात. उसाला वर्षाकाठी २०० सेंमी. पाणी दिले, तर एका हेक्टरवर २०,००० घ. मी. पाणी पडते व त्याबरोबर सु. ६·४ टन क्षार शेतात येतात. पीक त्यातील अल्प भागच उचलते. पाणी बाष्परूपाने उडून जाते, क्षार मागे राहतात. खालून निचरा होत असेल, तर पावसाळ्यात ते धुऊन जातात. निचरा नसेल, तर दरवर्षी तेवढीच भर पडत जाते. विहिरीचे मचूळ पाणी वापरल्यास हा वेग कितीतरी वाढतो.

भूजल पातळी पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरच्या आत आली की, केशाकर्षणाने पाणी सतत वर चढते व पृष्ठभागावर क्षार टाकून उडून जाते. यास शेतकरी ‘मीठ फुटणे’ म्हणतात. या टप्प्यापर्यंत जमीन क्षारपड असते, म्हणजे तिच्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम यांची विद्राव्य क्लोराइडे व सल्फेटे जास्त असतात. मातीतील द्रावाचा तर्षण दाब वाढल्यामुळे ओल असूनही मुळांना पाणी शोषता येत नाही. पीक भर पाण्यात कोमेजलेले दिसते. पुढे चुना व मॅग्नेशियम कार्बोनेट अवक्षेपित होऊन सोडियमाचे प्रमाण सापेक्षतः वाढते आणि ते मातीच्या कणांवरील कॅल्शियमाची जागा घेते. सोडियमयुक्त चिकणमातीचे कण परस्परांपासून सुटतात, पोकळ्या बुजतात, पाणी मुरेनासे होते. ही चोपण जमीन होय. तिचा पृष्ठभाग ओला असताना साबणासारखा निसरडा व वाळल्यावर दगडासारखा टणक असतो. विरघळलेल्या जैव पदार्थामुळे डबक्यातील पाणी काळसर दिसते. चिबड जमिनीत क्षार कमी असले, तरी पाणी कायम साचल्याने मुळे गुदमरतात.

मोजमाप : अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील लवणता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये रूढ केलेल्या मर्यादांनुसार संपृक्त अर्काची विद्युत् संवाहकता दर मीटरला ४ डेसिसीमेन्सहून अधिक असल्यास जमीन क्षारपड समजतात. विनिमयक्षम सोडियमाचे प्रमाण १५ टक्क्यांहून व पीएच मूल्य ८·५ हून अधिक असल्यास ती चोपण होय. दोन्ही दोष असल्यास क्षारयुक्त चोपण. या मर्यादा आपल्याकडील काळ्या जमिनींना जशाच्या तशा लावणे धोक्याचे आहे. फुगणाऱ्या चिकणमातीच्या बाबतीत सोडियमाचे प्रमाण ५-६ टक्क्यांवर जाताच पाणी झिरपण्याचा वेग मंदावतो, असे आढळले आहे. विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर कालव्याचे पाणी नसतानाही असा बिघाड दिसतो. १५ टक्क्यांची वाट पाहणारा शेतकरी उपायांची वेळ घालवून बसतो.

नेहमीच्या मृदा-परीक्षणासाठी शेतात नागमोडी चालत १०–१२ ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे सु. २० सेंमी. खोल खड्डे घेऊन त्यांच्या बाजूची माती गोळा करतात व चार भाग करीत अर्धा किलो नमुना ठेवतात. बांध, झाडांची सावली, उकिरडा व जनावरे बसण्याची जागा टाळावी लागते. क्षारांच्या परीक्षणासाठी हे पुरेसे नसून ०–३०, ३०–६० व ६०–९० सेंमी. अशा थरांचे नमुने वेगवेगळे घेणे आवश्यक असते. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या मृदा-आरोग्य पत्रिका योजनेत पीएच मूल्य, विद्युत् संवाहकता, जैव कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, गंधक व पाच सूक्ष्मद्रव्ये अशा बारा बाबी नोंदविण्याची व्यवस्था करण्यात आली. बागायतीत दर २·५ हेक्टरांमागे व कोरडवाहूत १० हेक्टरांमागे एक नमुना असे प्रमाण ठरविले गेले. खतांच्या मात्रा ठरविण्यास ही पत्रिका उपयुक्त आहे. परंतु निचरा, भूजलाची खोली व विनिमयक्षम सोडियम या बारा बाबींत येत नाहीत. कालव्याखालील शेतकऱ्याला नेमकी तीच माहिती हवी असते. शेताच्या सखल कोपऱ्यात दोन मीटर खोल छिद्रे पाडलेली नळी उभी पुरून दर पंधरवड्यास तिच्यातील पाण्याची पातळी लिहून ठेवणे हा साधा उपाय कोणत्याही पत्रिकेइतकाच बोलका ठरतो.

सुधारणा : सर्व उपायांत निचरा प्रथम येतो. निचरा नसलेल्या जमिनीत जिप्सम वा सेंद्रिय खत टाकणे म्हणजे बूड बंद असलेल्या भांड्यात मीठ धुण्याचा प्रयत्न करणे होय. उघडे चर स्वस्त असले, तरी त्यांत जमीन वाया जाते, ते गवताने भरतात व यंत्रांना अडथळा होतो. भूमिगत निचऱ्यात सर्वसाधारणपणे ८० मिमी. व्यासाच्या, गाळण-आवरण गुंडाळलेल्या सच्छिद्र प्लॅस्टिक नळ्या सु. एक मीटर खोलीवर, जमिनीच्या पोतानुसार २० ते ४० मीटर अंतराने टाकतात व त्यांचे पाणी मुख्य नळीतून नाल्यात सोडतात. भारी चिकणमातीत ट्रॅक्टरच्या साहाय्याने गोळीसारखा नांगर ओढून सु. अर्धा मीटर खोलीवर बिनअस्तराची पोकळी पाडण्याची पद्धतही (मोल निचरा) आहे. ती स्वस्त पडते, पण तीन-चार वर्षांनी पुन्हा करावी लागते.

निचऱ्याची अडचण तांत्रिक कमी व सामाजिक अधिक आहे. नळीचे तोंड नाल्यात उघडण्यासाठी ती खालच्या शेतकऱ्याच्या जमिनीतून न्यावी लागते. बिघाड सखल भागात दिसतो, परंतु त्याचे कारण वरच्या शेतातील जादा पाणी हे असते. ज्याचे नुकसान होते त्याच्या हाती उपाय नसतो आणि ज्याच्या हाती उपाय असतो त्याला नुकसान जाणवत नाही. म्हणून एकट्या-दुकट्याचे प्रयत्न फसतात. शिरोळ व मिरज भागांत सलग क्षेत्रातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केलेल्या भूमिगत निचऱ्याच्या योजनांना जे यश मिळाले, त्याचे मर्म या एकत्र येण्यात आहे.

चोपण जमिनीत निचऱ्याबरोबर जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) द्यावे लागते. त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमाला हुसकावते व तयार झालेले सोडियम सल्फेट पाण्याबरोबर धुऊन जाते. वरच्या ३० सेंमी. थरातील १०० ग्रॅम मातीमागे एक सममिलिग्रॅम सोडियम काढण्यास हेक्टरी सु. ३·३ टन शुद्ध जिप्सम लागते. विनिमय क्षमता ५० असलेल्या जमिनीतील सोडियम १५ वरून १० टक्क्यांवर आणण्यास अडीच सममिलिग्रॅम, म्हणजे आठ टनांहून अधिक जिप्सम हवे. हा खर्च एका वर्षात न पेलणारा असल्याने ते दोन-तीन वर्षांत विभागून, शेणखतात मिसळून वरच्या थरात देतात. उत्तर भारताच्या गाळाच्या जमिनीत जिप्सम व भात यांच्या जोडीने मोठे क्षेत्र सुधारले, त्यात कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचा (स्थापना १९६९) वाटा मोठा आहे. काळ्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग मूळचाच कमी असल्याने तेवढ्या झपाट्याने फळ मिळत नाही. येथील मातीत चुनखडी भरपूर असल्याने गंधक किंवा कुजणारा जैव पदार्थ यांच्या आम्लतेने तिच्यातील कॅल्शियम मोकळे करता येते. साखर कारखान्यातील मळी याच कारणाने उपयुक्त आहे. मात्र ती गंधक प्रक्रियेच्या कारखान्यातील असावी, कार्बन प्रक्रियेतील मळीत चुनाच अधिक असतो.

सुधारणेच्या काळात प्रथम धैंचा घेऊन ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास गाडतात. धैंचा क्षार व पाणथळपणा दोन्ही सोसतो. ताग चांगल्या जमिनीसाठी राखून ठेवावा. त्यानंतर सातू, कापूस, बीट, गहू यांसारखी क्षार सोसणारी पिके घेता येतात. घेवडा, मूग, उडीद, हरभरा ही पिके क्षारांना फार नाजूक आहेत. ऊसही फारसा सोशिक नाही : संपृक्त अर्काची संवाहकता १·७ डेसिसीमेन्सच्या पुढे जाताच त्याचे उत्पन्न घटू लागते, तर कापसाची ही मर्यादा ७·७ आहे. बिघडलेल्या जमिनीत ऊसच लावण्याचा आग्रह हा बहुधा बाजाराचा असतो, जमिनीचा नव्हे.

राखण : चांगली जमीन बिघडू न देणे हे सुधारण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. पूर्वी उसाआधी तागाचे बिवड, मधून ज्वारी-हरभऱ्याची फेरपालट, उन्हाळ्यात खोल नांगरून ढेकळे तापविणे आणि मोकळ्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसविणे अशी राखण असे. उसामागून खोडवा व खोडव्यामागून पुन्हा ऊस या क्रमात त्यांपैकी एकही उरत नाही. जैव कार्बन राखण्याचा सर्वांत सुलभ मार्ग पाचटाचा आहे. तोडणीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट शेतात पडते व ते सर्रास पेटविले जाते. न पेटविता ते सरीत पसरून, दर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणारे जिवाणू-खत टाकल्यास ते काही महिन्यांत कुजते. युरिया देण्याचे कारण असे की, पाचटात कार्बनाच्या मानाने नायट्रोजन फारच थोडा असतो व तो पुरविला नाही, तर सूक्ष्मजीव पिकाच्याच वाट्याचा नायट्रोजन ओढून घेतात. आच्छादनामुळे बाष्पीभवन कमी होऊन क्षार वर चढण्यासही आळा बसतो.

वरखतांच्या बाबतीत नायट्रोजनावरील एकांगी भर हा मुख्य दोष आहे. चुनखडीयुक्त जमिनीत युरिया पृष्ठभागावर फेकल्यास त्यातील बराच नायट्रोजन अमोनियारूपाने उडून जातो. म्हणून तो मातीआड करणे अगत्याचे असते. उसावर पडणारा केवडा (पाने पिवळी-पांढरी पडणे) हा पुष्कळदा लोहाच्या अनुपलब्धतेचा परिणाम असतो, नायट्रोजनाच्या उणिवेचा नव्हे, आणि जादा युरियाने तो हटत नाही. हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट व २० किलो झिंक सल्फेट कुजलेल्या शेणखतात मुरवून देण्याची शिफारस यासाठी आहे. चिबड शेतात मात्र केवडा ओलीमुळेच येतो व तेथे पाणी तोडणे हाच इलाज ठरतो.

ठिबक सिंचनाने उसाचे पाणी ३० ते ४० टक्क्यांपर्यंत वाचते व त्या मानाने क्षारही कमी येतात. तथापि ठिबकाखाली क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला व पृष्ठभागाजवळ साचतात. पहिल्या हलक्या पावसाने ते पुन्हा मुळांपाशी येऊ नयेत म्हणून त्या वेळी ठिबक चालूच ठेवावे लागते. पावसाळ्यात शेताला लहान बांधांनी पाणी अडवून क्षार खाली धुऊन जाऊ दिले व निचऱ्याच्या नळ्यांची तोंडे मे अखेरीस गाळ काढून मोकळी केली, तर साठलेल्या क्षारांचा बराच भाग त्याच हंगामात शेताबाहेर जातो.